ले-आउट सांभाळायचा कसा: नकाशा, बोअर, नाली आणि वही

विदर्भातल्या बहुतेक तालुक्याच्या गावांबाहेर आता एक तरी ले-आउट आहे. काही वर्षांपूर्वी तिथे पऱ्हाटी-तुरीचे वावर होते. मग एनए (बिगरशेती) झाले, प्लॉट पडले आणि विकले गेले. पाटी लावणारा विक्रेता निघून गेला, मागे राहिला मुरमाचा रस्ता, अर्धवट नाली, एक बोअर आणि तीसचाळीस घरे. त्यात शिक्षक आहेत, कास्तकार आहेत, निवृत्त पोस्टमास्तर आहेत, आणि नागपूर-पुण्यात राहून इथे फक्त प्लॉट घेऊन ठेवलेले लोकही आहेत. सामाईक गोष्टी सांभाळायच्या कोणी, हा प्रश्न पहिल्या पावसात उभा राहतो.

अशा वेळी पहिल्या बैठकीत लोक नियमावली लिहायला बसतात आणि चाळीस कलमे तयार करतात. तसे करू नका. ज्या नियमामागे ‘हे मोडले तर अमुक बिघडते’ असे एका वाक्यात सांगता येत नाही, तो कोणी पाळत नाही. आधी काय काय आपले आहे ते मोजा, मग खर्च काढा, नियम त्यातूनच निघतात.

पहिले काम: नकाशा

मंजूर ले-आउट नकाशाची आणि एनए आदेशाची प्रमाणित प्रत काढा. विक्रेत्याने दिलेल्या रंगीत माहितीपत्रकातला नकाशा धरू नका. त्यात बगीचा असतो, मंजूर नकाशात तिथे बरेचदा प्लॉट असतो. एक एकराच्या, म्हणजे ४००० चौरस मीटरच्या वरच्या ले-आउटात साधारण दहा टक्के जागा खुली ठेवावी लागते. ती कुठे आहे आणि तिचे चारही कोपरे कुठे आहेत, ते शंभर फुटी टेप घेऊन चार जणांनी प्रत्यक्ष पाहावे. कोपऱ्यांवर दगड किंवा सिमेंटचे खांब पक्के बसवा. शेजारच्या प्लॉटधारकाशी वाद असेल तर टेपवर भांडू नका, भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या तालुका कार्यालयात मोजणीचा अर्ज करा.

नकाशाची मोठी झेरॉक्स काढून तिच्यावर निळ्या पेनाने पाण्याची लाइन आणि लाल पेनाने विजेची केबल काढा. प्रत्येक व्हॉल्व्हचे अंतर जवळच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून मोजून लिहा, उदाहरणार्थ ‘प्लॉट ७ च्या फाटकाच्या खांबापासून ११ फूट, विजेच्या खांबापासून १८ फूट’. रस्त्यावर मुरूम पडला की व्हॉल्व्हचे झाकण गडप होते. मग ऐन उन्हाळ्यात कुदळीने शोधताना पाइपच फुटतो. ही दोन अंतरे लिहून ठेवली तर पाच मिनिटांत झाकण सापडते.

त्यानंतर ग्रामपंचायतीची कराची पावती काढून नीट वाचा. घरपट्टीबरोबर दिवाबत्ती कर, आरोग्य कर, सामान्य पाणीपट्टी अशी शीर्षे असतात. दिवाबत्ती कर घेतला जात असेल तर खांबावरच्या दिव्याचा खर्च वर्गणीतून का, असा लेखी प्रश्न विचारायला हरकत नाही. ग्रामसभेत तोंडी मागणी विरते. अर्ज द्या, पोच घ्या, आणि ठरावात आपल्या ले-आउटचा गट क्रमांक आल्याची खात्री करा.

संस्था

नुसत्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पैसे गोळा करता येतात, वसूल करता येत नाहीत. प्लॉटधारकांची सहकारी गृहनिर्माण संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदता येते. काम तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे असते. २०१९ च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी या कायद्यात वेगळे प्रकरण आले. थकबाकी वसुलीचे कलम १५४ब-२९ त्यातच आहे. खटपट आहे, पण ज्या ले-आउटात सामाईक बोअर आणि खुली जागा दोन्ही आहेत, तिथे ती करावीच. नोंदणी होईपर्यंत निदान दोन सह्यांचे बँक खाते उघडा. एकाच्या फोनवर यूपीआयने पैसे घेणे सोपे वाटते, पण त्या माणसाची बदली झाली की हिशेबही बदलीवर जातो.

वर्गणीचे गणित

‘सगळ्यांना तीनशे’ असे ठरवले की रिकाम्या प्लॉटवाला देत नाही आणि त्याचे म्हणणेही चुकीचे नसते. म्हणून खर्चाचे दोन भाग करा. एक पाण्याचा, तो नळ असलेल्यांचा. दुसरा रस्ता-नाली-दिव्यांचा, तो सर्व प्लॉटधारकांचा.

समजा ४० प्लॉट आहेत, त्यांपैकी २८ वर घरे. खालच्या रकमा नमुन्यादाखल आहेत, तुमच्या गावचे भाव घाला. पाणी सोडणाऱ्याचे मानधन महिना ४०००, पंपाचे वीजबिल ३०००, टीसीएल (पाण्यातले जंतू मारणारी क्लोरीनची) पावडर २५०, मोटर-पाइप बदलण्यासाठी राखीव ११५०. बेरीज ८४००. भागिले २८, म्हणजे घरामागे ३०० रुपये. दुसऱ्या भागात नालीसफाई वर्षाला १५,०००, म्हणजे महिना १२५०, मुरूम वर्षाला २४,०००, म्हणजे २०००, दिवे ५००, वही-कागद-बँक २५०. बेरीज ४०००, भागिले ४०, म्हणजे प्लॉटमागे १०० रुपये. घर असलेल्याला ४००, रिकाम्या प्लॉटवाल्याला १००.

राखीव रक्कम काढून टाकण्याचा मोह प्रत्येक बैठकीत होतो. काढू नका. मोटर जळते ती एप्रिल-मेमध्येच, आणि तेव्हा रात्री दारोदार फिरून पैसे मागावे लागतात.

नोकरदारांकडून महिन्याला घ्या. कास्तकाराकडून महिन्याला मागणे म्हणजे दर महिन्याला ‘पुढच्या महिन्यात’ ऐकणे. त्यांना वर्षाचे दोन हप्ते द्या. सोयाबीन विकल्यावर दिवाळीच्या सुमारास एक, कापूस-तूर आल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत दुसरा. वसुली यानेच सुधारते, दंडाने नाही.

बोअर आणि टाकी

इथे सर्वांत जास्त पैसा जातो आणि सर्वांत जास्त भांडणे होतात, म्हणून सविस्तर.

आधी पंपाचे पाणी मोजा. वीस लिटरची बादली डिलिव्हरी पाइपखाली धरा, भरायला किती सेकंद लागले ते पाहा. १६ सेकंद लागले तर मिनिटाला ७५ लिटर, तासाला ४५०० लिटर. आता गरज काढा. माणशी ५५ लिटर धरले तर २८ घरे, घरात पाच माणसे, म्हणजे रोज ७७०० लिटर. उन्हाळ्यात यात कूलर येतो, आणि विदर्भात कूलरशिवाय हिशेब होतच नाही. मोठा डेझर्ट कूलर दिवसभर चालला तर शंभरेक लिटर पाणी पितो. २८ कूलरचे २८०० लिटर. गळती धरून उन्हाळ्यात रोज १२,००० लिटर, म्हणजे पंप दोन तास चाळीस मिनिटे. तीन एचपीची मोटर ताशी साधारण तीन युनिट खाते. त्यावरून महिन्याला २४० युनिटच्या आसपास बिल यायला हवे. खूप जास्त आले तर कुठेतरी गळती आहे, किंवा बोअरची पातळी खाली गेल्याने पंप कमी पाणी देत जास्त वेळ चालतो आहे. तेव्हा पुन्हा बादली लावून मोजा.

बेसॉल्टच्या खडकातले बोअर फटींतून भरते. मार्चनंतर सलग चालवले की पाणी ‘तुटते’, पाइपातून हवा आणि गाळ येतो. पाणी तुटायला किती मिनिटे लागली ते दर आठवड्याला वहीत लिहा. जानेवारीत दीड तास आणि एप्रिलमध्ये चाळीस मिनिटे असा आकडा दिसला, तर पंप पस्तीस मिनिटे चालवून दोन-अडीच तास थांबवायचा, असे दिवसात चार वेळा. टायमर लावला तर माणूस अडकत नाही. बोअर कोरडे असताना मोटर बंद करणारे ड्राय-रनचे संरक्षण पॅनेलमध्ये असायलाच हवे, कारण सबमर्सिबल मोटरला थंड ठेवते ते भोवतालचे पाणीच.

बिघाड झाल्यावर मेकॅनिक बोलावण्याआधी एवढे पाहा. स्टार्टर ट्रिप होत असेल तर पहिल्यांदा व्होल्टेज बघा. संध्याकाळी सात ते अकरा सगळ्या गावाचे कूलर चालू असतात, व्होल्टेज पडते, मोटर जास्त करंट ओढते. त्या वेळेत पंप चालवूच नका. पहाटे चालवा. थ्री-फेज मोटर असेल आणि एक फेज गेली तर दोन फेजवर वाइंडिंग जळते, म्हणून सिंगल-फेजिंग प्रिव्हेंटर लावा. स्टार्टर पुन्हा पुन्हा पडतो म्हणून बटनात काडी खोचून ठेवण्याची जी रीत आहे, ती मोटर जाळण्याचा खात्रीचा मार्ग आहे. मोटर चालते पण पाणी येत नाही, तर पातळी खाली गेली, किंवा बोअरमधल्या पाइपचा जोड सुटला. सिंगल-फेज मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तर बहुतेक कॅपॅसिटर गेला. पॅनेल उघडण्याआधी मेन स्विच खाली, आणि ओल्या पायांनी कोणी हात लावायचा नाही.

टाकी वर्षातून निदान दोनदा धुवायची, उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा. रिकामी करा, तळाचा गाळ काढा, ब्रशने घासा. मग पंधरा लिटरच्या बादलीत दहा ग्रॅम टीसीएल पावडर कालवून ते पाणी भिंतींना लावा, अर्धा तास ठेवा, दोनदा धुऊन काढा. आत उतरणाऱ्याबरोबर वर दुसरा माणूस हवाच.

रोजच्या पाण्याला १००० लिटरमागे ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे १०,००० लिटरच्या टाकीला ५० ग्रॅम. पावडर थेट टाकीत ओतायची नाही. बादलीभर पाण्यात ढवळा, अर्धा तास निवळू द्या, वरचे निवळ पाणी टाका, खालचा चुना फेका. चुना टाकीत गेला तर नळांच्या जाळ्या तुंबतात. अर्ध्या-पाऊण तासाने शेवटच्या घराच्या नळावर ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते दाखवणारी) करा, पाणी पिवळसर झाले पाहिजे. रंगपट्टीवर ०.२ पीपीएमच्या खाली असेल तर मात्रा वाढवा. मात्रा बरोबर असूनही क्लोरीन दिसत नसेल तर पावडर मेली आहे. उघडी पिशवी आणि पत्र्याच्या खोलीतला उन्हाळा, दोन्हीने तिची ताकद उडते. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, सावलीत ठेवा, आणि एका वेळी तीन महिन्यांपुरतीच घ्या. क्लोरीनने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. यवतमाळ, चंद्रपूर भागात फ्लोराइडचे बोअर आहेत, तिथे पाण्याची रासायनिक तपासणी वेगळी करून घ्यावी.

आता टिल्लू पंप, म्हणजे नळाचे पाणी ओढणारी लहान मोटर. एक जण लाइनला थेट टिल्लू लावतो, शेवटच्या तीन घरांना पाणी येत नाही, मग तेही लावतात. लाइनमध्ये पोकळी तयार होते आणि गळक्या जोडातून नालीचे पाणी आत ओढले जाते. हगवणीची साथ इथूनच येऊ शकते. नियम एका ओळीचा: नळाला थेट पंप नाही, घरी जमिनीत टाके करा आणि त्यातून वर चढवा. पण नियमाआधी ले-आउटचे दोन-तीन भाग करून प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह आणि वेगळी वेळ द्या. दाब पुरला की निम्मे टिल्लू आपोआप निघतात.

नाली

नालीसफाई नवतपा लागायच्या आधी, म्हणजे २५ मेपूर्वी उरकायची. मृगाचा पाऊस ७ जूनला येईलच असे नाही, पण वळवाचा कधीही येतो. काम सकाळी सहा ते दहा. त्यानंतर मजुराला उन्हात उभे करणे धोक्याचे आहे.

गाळाचा अंदाज असा काढा. नाली एक फूट रुंद, गाळ सहा इंच, लांबी हजार फूट, तर ५०० घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे पाच ब्रास. ट्रॉलीत एक ब्रास मावत असेल तर पाच फेऱ्या. हे मोजून ट्रॅक्टरवाल्याशी आधीच बोला. सफाईत सर्वांत मोठी चूक हीच होते की गाळ काढून काठावर ठेवला जातो आणि ट्रॉली ‘उद्या’ येते. पहिल्या पावसाने तो सगळा परत नालीत. काढलेला गाळ दोन दिवसांत उचलला नाही तर मजुरीचे अर्धे पैसे रोखायचे, असे आधीच ठरवा.

सफाईनंतर पाण्याचा टँकर वरच्या टोकाला सोडा आणि चालत बघा. पाणी जिथे थांबते तिथे उतार चुकला आहे. शंभर फुटाला सहा इंच ते एक फूट उतार पुरतो. थांबण्याचे दुसरे कारण म्हणजे घरासमोरचे रॅम्प. मोटारसायकल चढवायला लोक नालीवर काँक्रीट टाकतात आणि खाली चार इंची पाइप ठेवतात, त्यात एक पन्नी अडकली की वरची सहा घरे पाण्यात. नियम लिहायचा तर असा: नालीवर एकसंध स्लॅब नाही. दोन-दोन फुटांचे सुटे तुकडे, उचलायला सळईच्या कड्या. पाइप घालायचाच तर निदान बारा इंची सिमेंटचा. रॅम्प नालीच्या पलीकडे रस्त्यावर येणार नाही.

संडासाचे पाणी नालीत सोडायचे नाही. सेप्टिक टँकचे बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात जावे, आणि शोषखड्डा बोअरपासून निदान पन्नास फूट लांब असावा. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, म्हणून खड्डा मातीचा थर संपून मुरूम लागेपर्यंत खणा. सेप्टिक टँक तीनेक वर्षांनी उपसणाऱ्या गाडीकडूनच रिकामा करा. माणूस आत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आतल्या वायूने मिनिटांत जीव जातो.

रस्ता आणि भिंती

काळी कापसाची जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट मुरूम टाकला तर तो दोन पावसांत चिखलात उतरतो. नवीन तुकडा करताना वरची फूटभर काळी माती काढा, मग सहा-सहा इंचांच्या थरात मुरूम, पाणी आणि रोलर. वीस फुटी रस्त्याच्या शंभर फुटांना सहा इंचांचा दाबलेला थर म्हणजे हजार घनफूट. मुरूम दबतो, म्हणून दहाऐवजी बारा-तेरा ब्रास मागवा. मध्यभाग कडेपेक्षा तीन-साडेतीन इंच उंच हवा. सपाट रस्त्यावर पाणी थांबते आणि तिथेच खड्डा पडतो. जुन्या रस्त्यावर दरवर्षी नुसता थर चढवत गेलात तर पाच वर्षांत रस्ता घराच्या जोत्याला येऊन भिडतो. खरवडून मगच भरा.

खुल्या जागेला विटांची भिंत बांधू नका. कॉलम आणि प्लिंथ बीम नसतील तर दुसऱ्याच उन्हाळ्यात तडा जाईल. सिमेंटचे खांब आणि जाळी स्वस्त पडते, जमीन हलली तरी चालते.

रिकामे प्लॉट

साप, डुकरे, गाजरगवत, तिन्ही इथूनच. मालक बाहेरगावी, म्हणून संस्थेनेच साफ करून खर्च त्याच्या खात्यावर मांडायचा, हे सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या आणि त्याला आधी कळवा. वर्षात दोन वेळा पुरे. पहिली जुलैअखेर, गाजरगवत फुलावर येण्याआधी, दुसरी दिवाळीनंतर. फुलल्यावर कापले तर बी पसरते आणि अंगाला खाज सुटते, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्या. पाऊस पडल्यावर मुळासकट उपटायला सोपे जाते. तरोटा असेल तर राहू द्या. तो गाजरगवताला दाबतो, आणि कोवळा असताना त्याची भाजी होते. पेटवून देणे नको. वारा असला की आग शेजारच्या कुडापर्यंत जाते.

खुली जागा

सगळ्यात मोठा वाद एखाद्या ओट्यापासून सुरू होतो. आधी ओटा, मग पत्रा, मग मंदिर किंवा कोणाची गोठ्याची खोली. सार्वजनिक रस्ते, उद्याने आणि जागांवर अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी दिला आहे. नियम सर्वांना सारखा लावायचा, तोही पहिली वीट पडण्याआधी. गणपती, देवी, तान्हा पोळा यांसाठी मांडव जरूर घाला. खांबाचे खड्डे रस्त्यात नकोत, उत्सव संपल्यावर तीन दिवसांत बुजवायचे, आणि भोंगा रात्री दहाला बंद. झाडे लावायची तर कडुनिंब, करंज. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी, तेवढ्यावर जगतात. पाण्याची पाळी कोणाची ते मात्र नावानिशी लिहा.

दिव्यांचे काम थोडे आहे. वीस वॅटचे दहा एलईडी रोज अकरा तास जळले तर महिन्याला ६६ युनिट. सेन्सर लावला नाही तर दिवसा जळत राहतात, आणि ते बंद करायला कोणी जात नाही. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी करून घासायची, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला सात-दहा दिवस लागतात. अख्ख्या ले-आउटने एकच वार ठरवावा. गाय-म्हैस ठेवणाऱ्यांना बंदी घालण्यात अर्थ नाही, अर्धे लोक त्यांचेच दूध घेतात. शेण रोज उचलायचे, उकिरडा नालीपासून आणि बोअरपासून दूर, एवढेच.

थकबाकी आणि सभा

बिल लेखी द्या, पावती नंबरची. दोन महिने चुकले तर घरी जाऊन विचारा. अडचण असते, हप्ता पाडून द्या. तीन महिन्यांनंतर रकमेच्या तपशिलासह नोटीस, पोस्टाची पोच जपून. तरी नाही दिले तर सभेचा ठराव, थकबाकीचा उतारा आणि नोटिशीची प्रत जोडून निबंधकांकडे कलम १५४ब-२९ खाली वसुली दाखल्याचा अर्ज. नळ तोडण्याच्या भानगडीत पडू नका. पाण्यावाचून लहान मुले असलेले घर ठेवले की गाव थकबाकीदाराच्या बाजूने उभे राहते आणि संस्था पोलीस ठाण्यात.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, चौदा दिवसांची नोटीस देऊन. सप्टेंबरमध्ये फवारणी आणि निंदणाची गडबड असते, म्हणून रविवार संध्याकाळ धरा. सभेत हिशेब वाचून दाखवताना ‘किरकोळ खर्च’ असे शीर्ष ठेवू नका. संशय तिथूनच सुरू होतो, खर्च पन्नास रुपयांचा असला तरी.

समिती बदलली की नव्या माणसांच्या ताब्यात मोजून द्यायच्या वस्तू: पॅनेल आणि टाकीच्या चाव्या, व्हॉल्व्हचा नकाशा, बोअरची खोली आणि पंप किती फुटांवर सोडला आहे ती नोंद, मोटरचे बिल व वॉरंटी कार्ड, सभेचे इतिवृत्त, कोरी आणि वापरलेली दोन्ही पावतीपुस्तके, बँकेचे पासबुक, आणि पाणी तुटण्याच्या मिनिटांची ती वही.